विचारा की ओ! : विहिरीवरची आजी आणि बिनकाळजाची यंत्रं

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की विज्ञानकथा लिहिताना कुणाचं घोडं अडलं असेल तर कळवा, बघू काय होतंय. तर आली की ओ पत्रं, सांगली मिरज तासगाव इस्लामपूर सगळीकडनं, आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांनी एकच सिच्युएशन घेतलीय, परग्रहावरनं आलेली निर्दय यंत्रं आणि कुठंतरी अडकून पडलेले प्रवासी. सुट्टीत सगळ्यांनी एकच काहीतरी बघितलं असणार. जागा कमी आहे म्हणून निवडकच घेतोय, आणि नावं छापत नाही कारण एकानं खाली टीप टाकलीय की आमच्या साहेबाला मी कथा लिहितो हे कळलं तर रजा मिळायची बंद होईल.

प्रश्न : सर नमस्कार. माझ्या कथेत सांगलीहून तासगावला जाणारी शेवटची एसटी रात्री बंद पडते, ड्रायव्हर कंडक्टर धरून ११ जण आत. चारी बाजूंनी यंत्रं येतात. त्यांना दया नाही माया नाही, फक्त हुकूम पाळायचा. इथवर झकास जमलं, पण मिसेसनं वाचलं आणि म्हणाली, दया नाही तर मग थांबलीत कशाला, मारायचं आणि जायचं, दुसऱ्या पानावर गोष्ट खल्लास. आता तिला काय सांगू? – एक वाचक, विश्रामबाग

काही सांगू नका, वहिनींना सोबत लिहायला बसवा. अहो हाच तर प्रश्न आहे आणि तो भले भले लेखक टाळतात, यंत्रं येतात, लाल दिवे लुकलुकतात, "शरण या" म्हणतात आणि मग पंधरा पानं नुसती उभी राहतात कारण लेखकाला पंधरा पानं भरायचीत.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा. निर्दय आणि क्रूर हे वेगळं. क्रूर माणसाला तुम्हाला छळण्यात मजा येते, म्हणजे त्याला तुमच्यात इंटरेस्ट तरी आहे. यंत्राला तेवढाही नाही. आपल्याकडं उसात हार्वेस्टर फिरतो, सरीत तितराचं घरटं असलं तर ते जातं, पण हार्वेस्टरचं तितराशी वैर कुठाय, त्याच्या हिशोबात तितर नाहीच. निक बोस्ट्रॉम नावाच्या फिलॉसॉफरनं २००३ साली असंच एक कल्पनेतलं उदाहरण दिलं होतं, एक अतिहुशार यंत्र, त्याला काम एकच, पेपरक्लिप बनवायच्या, आपण ऑफिसात यू-पिन म्हणतो ना तीच. ते बनवत बनवत अख्खी पृथ्वी यू-पिनांत घालतं, राग नाही लोभ नाही, कामच ते. भीती बसते ती याची, लाल दिव्यांची नाही.

मग असं यंत्र थांबेल कधी? थांबणं स्वस्त पडत असेल तेव्हा. म्हणजे एसटीत अशी एक वस्तू पाहिजे जी त्यांना हवीय आणि माणसं मेली की तीपण हातची जाते. तुमच्या मसुद्यात ड्रायव्हर ओरडतो की जवळ आलात तर डिझेलची टाकी पेटवीन. यंत्र म्हणेल पेटव बाबा, जळशील तूच, म्हणजे तू पेटवणार नाहीस. धमकी पोकळ आहे हे त्याला सेकंदात कळलं. थॉमस शेलिंग म्हणून अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९६० मध्ये यावरच पुस्तक लिहिलं आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते याच कामाचं, की धमकी खरी कधी वाटते. त्यांचं म्हणणं आपल्या भाषेत सांगायचं तर माघार घ्यायची वाट तुम्ही स्वतःच बंद करून टाका आणि ती बंद केलेली समोरच्याला दिसू द्या.

तर असं करा. एसटीत तुमची एक आजी आहे, तासगावची, बाजार करून परत निघालेली, तिला तुम्ही फक्त रडायला ठेवलंय ते काढून टाका. यंत्राचा एक भाग निखळून रानात पडलाय, तो आजीला सापडलाय, कसला तरी चांगला जड गोळा म्हणून तिनं पिशवीत टाकलाय, मिरच्या वाटायला होईल. यंत्रांना तोच पाहिजे. आणि एसटी बंद पडली त्याला लागून एक विहीर आहे, साठ फूट खोल, बिनकठड्याची, आपल्याकडं त्याला काय तोटा. आजी सरळ विहिरीच्या काठावर जाते आणि गोळा धरलेला हात आत लांब करून उभी राहते. आता मारा. मारलं की हात सुटला, हात सुटला की गोळा तळाला गाळात. आजीला काही ठरवायलाच नको, तिला मारणं हेच गोळा पडणं. रेल्वेच्या इंजिनात हीच आयडिया आहे, ड्रायव्हरनं ठरावीक वेळात काहीच हालचाल केली नाही तर आधी अलार्म आणि मग ब्रेक आपोआप लागतो, मिरज जंक्शनला कुणी लोको पायलट ओळखीचा असला तर विचारा.

आणि बघा, आता पंधरा पानं भरायची चिंता मिटली, कारण दोन किलोची वस्तू हात लांब करून माणूस किती वेळ धरेल? घरी करून बघा, स्टीलचा भरलेला डबा घ्या, दोन मिनिटांत खांदा बोंबलतो. आजीचा हात थरथरायला लागतो आणि यंत्रांचे सेन्सर ती थरथर मोजतायत. मग कंडक्टरला सुचतं, रहाटावरचा दोर गोळ्याला बांधून लोंबता सोडायचा आणि दोराचं टोक पाळीपाळीनं धरायचं, अर्धा अर्धा तास. झोप लागली की संपलं. पाळी कुणाची, कोण टाळतंय, कोण दुसऱ्याचीपण करतंय, यातनं तुमची अकरा माणसं कळतील. मला विचाराल तर अख्खी कथा त्या दोरावरच आहे.

फक्त एक राहिलं. वाट बघण्यात यंत्र आपल्याला हरवणार, त्याला झोप नाही, तहान नाही, आपण पाण्याशिवाय तीन दिवसांत गार. (शेजारी विहीर आहे म्हणून पाण्याचं निभेल, पण पोहरा ज्या दोराचा तोच अडकलाय. हे वापरा कुठंतरी.) म्हणून त्यालाही घाई पाहिजे. ग्रहांचे प्रवास कधीही निघत नाहीत, आपल्याकडनं मंगळाला कमी इंधनात जायचं तर संधी साधारण २६ महिन्यांनी एकदाच येते, चुकली की बसा. तुमच्या यंत्रांची तशी वेळ पहाटे सव्वापाचला टळते असं ठेवा. दोन्ही बाजूंना घड्याळ, मग वहिनींना वाचायला द्या.

प्रश्न : सर, यंत्रानं शब्द दिला की आम्हाला हवी ती वस्तू द्या आम्ही सोडतो, तर तो पाळेल का? आणि पन्हाळ्यावर महाराजांनी सिद्दी जौहरला शरण येतो म्हणून कळवून वेढा ढिला केला तसं माझ्या हिरोनं करावं असं डोक्यात आहे. – एक वाचक, मिरज

(दोन पत्रं एकत्र केलीत, कारण उत्तर एकच.)

पन्हाळ्याचं आधी. १६६० च्या जुलैतली ती युक्ती का चालली याचा विचार करा. चार महिने वेढा घालून बसलेली माणसं, वरनं आषाढाचा पाऊस, भिजलेली, कंटाळलेली, घरची आठवण येणारी, त्यांना "उद्या संपतंय" ऐकायचंच होतं. म्हणून पहारा ढिला पडला. यंत्र कंटाळत नाही. त्याला चांगली बातमी ऐकायची हौस नाही, शरण येण्याचा निरोप आला म्हणून त्याचा एकही सेन्सर डुलकी काढणार नाही. तेव्हा युक्ती तीच पण उलटी लावायची, माणूस त्याच्या इच्छेपायी फसतो, यंत्र त्याच्या डेटापायी. २०१७ मध्ये एमआयटीच्या पोरांनी थ्रीडी प्रिंटरवर एक कासव बनवलं, त्याच्या पाठीवर असं काही डिझाइन छापलं की आपल्याला ते कासवच दिसतं पण फोटो ओळखणारा गूगलचा प्रोग्राम त्याला ठामपणे रायफल म्हणत होता. वरनं फिरवा खालनं फिरवा, रायफलच. शिवा काशिदांना पालखीत बसवलं तेव्हा सोंग चेहऱ्याचं होतं, तुमच्या हिरोला सोंग पॅटर्नचं घ्यावं लागेल.

आता शब्द पाळण्याचं. एकदाच भेटायचंय आणि परत तोंड बघायचं नाही तर यंत्र शब्द मोडणार, त्यात त्याचा फायदा आहे, विषय संपला. पण परत परत गाठ पडणार असेल तर गणित फिरतं. रॉबर्ट अॅक्सेलरॉड या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञांनी कॉम्प्युटर प्रोग्रामांची टुर्नामेंट भरवली होती, निकाल १९८० मध्ये छापले, प्रत्येक प्रोग्रामनं दुसऱ्याशी शेकडो डाव खेळायचे, दर डावाला सहकार्य करायचं का दगा द्यायचा ते ठरवायचं. लोकांनी काय काय कपटी प्रोग्राम पाठवले, आणि जिंकला कोण, तर अनातोल रॅपोपोर्ट यांचा, आलेल्यांत सगळ्यात छोटा. पहिल्या डावात चांगलं वागायचं, नंतर समोरच्यानं जे केलं तेच करायचं. जशास तसं, बास. दुसऱ्या टुर्नामेंटला साठाहून जास्त प्रोग्राम आले आणि सगळ्यांना माहीत होतं मागं कोण जिंकलंय, तरी तोच परत जिंकला. तेव्हा तुमच्या यंत्राला शब्द पाळायला लावायचं असेल तर दया घालू नका, पुढची भेट घाला. आजीच्या पिशवीत एकच गोळा आहे की तीन आहेत हे त्याला कळता कामा नये, एवढ्यानं भागतं.

प्रश्न : आमचं गाव हरिपूर. कथेत प्रवासी हळदीच्या पेवात लपतात, बाहेर महापूर आहे आणि यंत्रं पाण्यावरून तरंगत शोधतायत. जमतंय का? – एक ताई

ताई, सीन भारी आहे पण महापूर आणि पेव एका पानावर नको. पेव म्हणजे जमिनीतली कोठी, पूर आला की त्यात माणूस लपणार नाही, पाणी लपेल. २००५ च्या पुरात तुमच्याच गावची किती पेवं गेली ते तुमच्या घरातल्या थोरल्यांना विचारा. कथा उन्हाळ्यात न्या.

उन्हाळ्यात मात्र पेवासारखी जागा नाही. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हरिपूरला जमिनीत खड्डे करून त्यात हळकुंडं भरून तोंड बंद करून ठेवायचे, वर्षानुवर्षं कीड लागत नाही.) यंत्र अंगाची उष्णता बघणारा कॅमेरा लावेल, पण तो मातीच्या आरपार बघत नाही, चार हात मातीखाली तुम्ही त्याला दिसतच नाही. जमिनीत बघणारा रडार असतो, पण कृष्णाकाठच्या काळ्या चिकण मातीत, त्यातून ती ओली असली तर, त्याची लाट थोड्याच खोलीवर मरते. म्हणजे वाळवंटात जे यंत्र हुशार ते हरिपुरात आंधळं, हे वाचताना मलाच गुदगुल्या झाल्या.

पण खरा व्हिलन पेवातच बसलाय. बंद पेवात हवा खाऊन टाकलेली असते, ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त, आणि हा जड गॅस तळाला साचतो. म्हणून तर पेव उघडलं की काही तास तसंच सोडतात, मग कंदील दोरानं आत सोडतात, विझला तर कुणी उतरायचं नाही. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, १६ च्या आसपास ज्योत जाते. (खऱ्या आयुष्यात नुसत्या कंदिलावर विसंबू नका, गॅस मीटर मिळतो, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये माणसं जातात ती अशाच कमी ऑक्सिजनमुळं आणि विषारी गॅसमुळं.) तर तुमचा प्रसंग असा होतो की वर यंत्रं, खाली विझणारा कंदील, आणि यंत्राला श्वासाचं कामच नाही त्यामुळं ही माणसं अर्ध्या तासात आपणहून वर का येतायत हे त्याला उमगत नाही, ते समजतं हा काहीतरी डाव आहे, आणि मागं सरकतं. दयेनं नाही, हिशोब लागेना म्हणून. हा शेवट तुम्हाला फुकट दिला.

प्रश्न : काका, मी आठवीत आहे. एका यंत्रानं स्वतःसारखं दुसरं बनवलं तर किती दिवसात खूप होतील? आणि मग ते अजून आले का नाहीत? – इस्लामपूर

शाब्बास. कॉपी करणाऱ्या यंत्राचं गणित जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञांनी मांडलंय, मोठा झालास की वाच. आत्ता वही घे. एकाचे दोन, दोनाचे चार, असं १० वेळा केलंस की १०२४. २० वेळा, १० लाखांच्या वर. ३० वेळा, १०७ कोटी. एक कॉपी करायला एक वर्ष लागलं तरी तुझ्या बाबांचं वय होईपर्यंत इतकी.

मग आले का नाहीत, तर बाळा हा प्रश्न १९५० मध्ये एन्रिको फर्मी या शास्त्रज्ञांनी जेवता जेवता विचारला होता आणि लोक अजून भांडतायत. एक कारण लांबी. व्हॉयेजर-१ हे यान १९७७ ला सोडलं, सेकंदाला १७ किलोमीटर पळतंय, म्हणजे सांगली ते हरिपूर डोळ्याचं पातं लवायच्या आत. या स्पीडनं सूर्यानंतरच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याला, प्रॉक्झिमाला, जायला सुमारे ७५ हजार वर्षं. आणि प्रकाशाच्या वेगानं मेसेज पाठवला तरी जायला सव्वाचार वर्षं, उत्तर यायला अजून सव्वाचार. यातनं तुझ्या कथेला एक मुद्दा मिळतो बघ, इथं आलेल्या यंत्राला "साहेब आता काय करू" असं घरी विचारता येत नाही. जे करायचं ते त्यालाच ठरवायचंय. परीक्षेत शेजारच्याला विचारता येत नाही तसं.

प्रश्न : शेवटी हिरो यंत्रात व्हायरस सोडतो, चालेल? – एक इंजिनिअर, कुपवाड एमआयडीसी

नाही. तुमच्या शॉपमधल्या दोन कंपन्यांची मशिनं एकमेकांशी बोलायला किती दिवस लागतात ते तुम्हाला माहितीय, आणि हिरो परग्रहावरचं मशीन पेन ड्राइव्हनं पाडतोय.

प्रश्न : आम्ही याच विषयावर एकांकिका बसवतोय, बजेट ४ हजार. पत्र्याचे ड्रेस परवडत नाहीत. यंत्रं कशी दाखवू? – कॉलेजचा ग्रुप, सांगली

पत्रा नकोच. रोबो हा शब्दच नाटकातनं आलाय, कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या नाटकातनं, शब्द सुचवला त्याच्या भावानं, जोसेफनं, मूळ अर्थ वेठबिगारी. आणि त्या नाटकातले रोबो पत्र्याचे नव्हतेच, माणसासारखेच दिसणारे होते. चार हजार वाचले.

आणि तुम्ही कुठल्या गावात बसलाय बघा की. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीतच नाटक उभं केलं आणि त्या काळच्या नाटकांत राक्षस अललडुर्र करत, तलवारी फिरवत, राळेचा भपका उडवत यायचे, लोक टरकायचे. तुमची यंत्रं बरोब्बर उलटी करा. आवाज नाही, घाई नाही, चारही जण एकाच वेळी मान वळवतात आणि एकाच वेळी थांबतात, पापणी लवत नाही. साध्या शर्ट पॅन्टमध्ये. तालीम मात्र महिनाभर लागेल, चौघांची मान एका क्षणी वळणं सोपं नाही. आणि प्लीज कुणी सपाट आवाजात "मी-तु-म्हा-ला-न-ष्ट-क-रीन" म्हणू नका, मी पहिल्या रांगेत असलो तर उठून जाईन.

प्रश्न : मग बोलायचं कसं त्यांनी? मराठी येतं असं दाखवलं तर पटत नाही, नाही दाखवलं तर संवादच होत नाही. – एक वाचक, तासगाव

मराठी येऊ दे, उत्तम येऊ दे, व्याकरण तुमच्या आमच्यापेक्षा शुद्ध. रेडिओ ऐकून शिकलेत म्हणा. मजा पुढं आहे. आपण नारळ वाढवतो म्हणजे फोडतो, दुकान वाढवतो म्हणजे बंद करतो, बांगडी वाढली म्हणजे फुटली. अशुभ बोलायचं नाही म्हणून आपण उलटं बोलतो, आणि यंत्राला शुभ अशुभ काय कप्पाळ कळतंय. कंडक्टर कुजबुजला "हे प्रकरण आता वाढवूया" तर यंत्र काय समजेल? फौज मागवतायत समजेल.

माझा सगळ्यात लाडका शब्द "येतो". निघताना आपण जातो म्हणत नाही. वरच्या विश्रामबागच्या गृहस्थांनी रागावू नये, त्यांची आजी उसनी घेतोय. पहाट झाली, गोळा देऊन झाला, एसटी चालू झाली, आणि आजी सवयीप्रमाणं त्या यंत्राला म्हणाली, "बरं, येते हं." यंत्रानं नोंद केली. सव्वापाच वाजून गेले. बाकीची सगळी उडाली आणि हे एक विहिरीपाशी उभं, कारण ती येते म्हणालीय आणि अजून आली नाही.

प्रश्न : आमच्यासारख्यांच्या कथा कोण छापणार? टोपणनावानं पाठवू का? – पुन्हा तेच, रजा न मिळणारे

पाठवा की. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप या नावानं एक कथा आली आणि पहिली आली. नंतर कळलं की हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी केलेली, का तर आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये. तुमच्या बाबतीत नावाचं वजन साहेबावर पडू नये म्हणून, एवढाच फरक. फक्त पाठवायच्या आधी झेरॉक्स काढून ठेवा, आणि झेरॉक्स ऑफिसच्या मशीनवर काढू नका.